डिस्पॅच अडला आणि एक्सेल बंद झालं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ईआरपीबद्दल, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरबद्दल, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. गंमत म्हणजे अर्धी पत्रं आयटीवाल्यांची आणि अर्धी आयटीवाल्यांवर चिडलेल्यांची. दोन्हीकडची घेतलीयत. गावाचं नाव ठेवलंय, माणसाचं आणि कंपनीचं नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आयटी बघतो, आम्ही दोघंच आहोत. ईआरपी एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर, बाहेरच्या व्हेंडरचं. गेल्या काही वर्षांत स्टोअर, पर्चेस, क्वालिटी, अकाउंट्स सगळ्यांनी आपापल्या एक्सेल आणि एमएस अ‍ॅक्सेसच्या फाइल्स थेट लाइव्ह, म्हणजे चालू कामाच्या, डेटाबेसला जोडून घेतल्यात. ३० तारखेला स्टोअरच्या एका माणसाने टेबल उघडून ठेवलं आणि इनव्हॉइस सेव्हच होईना, गाड्या गेटवर उभ्या, कस्टमरचा फोन थेट एमडींना. आता एमडी म्हणतात उद्यापासून सगळ्यांचं कनेक्शन तोडा. खरं सांगायचं तर मलाही तेच बरं वाटतंय. पण अकाउंट्सवाले विचारतात आमचं बँकेचं स्टॉक स्टेटमेंट तू बनवणार का. काय करू?

उत्तर: तोडू नका. म्हणजे लाइव्हवरून काढायचंच आहे सगळ्यांना, पण उद्या नाही, आणि बदली सोय दिल्याशिवाय तर मुळीच नाही. कारण बंदी घातली म्हणून रिपोर्ट थांबत नाहीत हो, ते फक्त तुम्हाला दिसेनासे होतात. स्टोअरवाला ईआरपीच्या स्क्रीनवरून कॉपी-पेस्ट करून तीच एक्सेल हाताने भरत बसेल, पर्चेसवाला व्हेंडरच्या सपोर्टच्या पोराला चहा पाजून पासवर्ड काढून घेईल, आणि तुम्ही खूश की सगळं आटोक्यात आलं. आज निदान सर्व्हरवर बघितलं तर कळतं तरी कोण कुठून जोडलंय.

आधी त्या दिवशी नेमकं काय झालं ते एमडींना सांगा, कारण त्यांना वाटत असणार की कोणीतरी भारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मारली म्हणून सर्व्हर बसला. बरेचदा तसं नसतं. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये वाचणाराही थोडा वेळ लॉक धरतो, म्हणजे तो वाचतोय त्या ओळींवर तेवढा वेळ दुसऱ्याला लिहिता येत नाही. अ‍ॅक्सेसमध्ये मोठं टेबल नुसतं उघडलं की वरच्या काही ओळी येतात आणि बाकीच्या खाली स्क्रोल करेपर्यंत अर्धवट राहू शकतात, आणि हा गृहस्थ तसंच ठेवून जेवायला गेला की वाचन अर्धवट, लॉक धरलेला, आणि तिकडे इनव्हॉइस सेव्ह करणारा रांगेत. कोणाचं सेशन कोणाला अडवतंय हे सर्व्हरवर स्पष्ट दिसतं, तेव्हा पुन्हा झालं तर घाबरून रिस्टार्ट मारायच्या आधी तेवढा स्क्रीनशॉट काढा.

कोणीतरी सांगेलच की सगळ्या क्वेऱ्यांमध्ये नोलॉक टाका, म्हणजे लॉक न बघता वाच अशी सूचना. नका टाकू. त्याने अडत नाही हे खरं, पण अजून पक्का न झालेला, मागाहून रद्द होणारा व्यवहारही रिपोर्टात येतो, कधी एखादी ओळ दोनदा येते, कधी गळते, आणि स्टॉक चार नगांनी चुकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. दुसरा उपाय म्हणजे डेटाबेसला रो व्हर्जनिंग चालू करायचं, मग वाचणारे आधीची पक्की प्रत वाचतात आणि लिहिणाऱ्याला अडवत नाहीत. चांगला उपाय आहे, पण टेम्पडीबीवर, म्हणजे सर्व्हरच्या तात्पुरत्या जागेवर, भार येतो आणि ईआरपी तुमचं नाही, व्हेंडरचं लेखी हो आल्याशिवाय हात लावू नका.

माझ्या मते खरं काम वेगळं आहे. मेन लाइनला प्रत्येक घराने आपापली मोटर लावली की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तुमच्याकडे तेच चाललंय, तेव्हा टाकी बांधून द्या. टाकी म्हणजे रिपोर्टसाठी वेगळी कॉपी. रोज रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करायचा, एवढंच. यात वरकड फायदा असा की बॅकअप खरंच उघडतोय का हे रोजच्या रोज तपासून होतं, नाहीतर बऱ्याच ठिकाणी बॅकअप वर्षानुवर्षं घेतात आणि तो कधी कोणी उघडून बघितलेलाच नसतो.

लायसन्सचं मात्र बघा. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन फुकट मिळते म्हणून ती टाकतात लोक, पण ती प्रॉडक्शनच्या कामासाठी नाही आणि रोजचा एमआयएस, म्हणजे मॅनेजमेंटचे रिपोर्ट, हे प्रॉडक्शनचंच काम झालं. फुकटची एक्सप्रेस एडिशन चालते, पण २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. आणि स्टँडबाय (मुख्य बंद पडला तर वापरायच्या राखीव) सर्व्हरची जी फुकट सवलत असते ती तो नुसता पडून असेल तरच, त्याच्यावरून रिपोर्ट काढायला लागलात की लायसन्स लागतंच. हा खर्च एमडींसमोर मांडताना गेटवर उभ्या गाड्यांची आठवण करून द्या, लगेच सही होईल.

मग ओरड होईल, आम्हाला कालचा डेटा नको, आत्ताचा हवा. एकेकाकडे जाऊन बसा आणि विचारा की आत्ताचा कशाला. पर्चेसला सप्लायरचं रेटिंग आत्ताचं कशाला हवंय, क्वालिटीला मागच्या महिन्याचं रिजेक्शन आत्ताचं कशाला? खोदत गेलात की शेवटी डिस्पॅचचं प्लॅनिंग आणि लाइनवरचं शॉर्टेज एवढंच उरतं, ते तेवढं ईआरपीमध्येच नीट स्क्रीन म्हणून व्हेंडरकडून करून घ्या.

आता एक गोष्ट आहे जी मात्र खरोखर उद्याच करायची. तुमच्याकडे 'रिपोर्ट' किंवा असल्याच नावाचं एक कॉमन लॉगिन असेल, पासवर्ड अख्ख्या ऑफिसला पाठ, आणि त्याला लिहायचीसुद्धा परवानगी, मी पैजेवर सांगते. अ‍ॅक्सेसमध्ये जोडलेल्या टेबलात एखादा आकडा बदलला आणि खालच्या ओळीवर गेलं की तो थेट लाइव्हमध्ये बदलतो, विचारतसुद्धा नाही. कंपनी कायद्याच्या अकाउंट्सच्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून कंपनीच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा एडिट लॉग असायला हवा आणि तो बंद करता येता कामा नये, आणि ऑडिटर त्यावर रिपोर्टात लिहितो. मागच्या दाराने डेटाबेसमध्ये केलेला बदल ईआरपीच्या लॉगमध्ये सहसा दिसतच नाही. मग ऑडिटरने विचारल्यावर काय सांगणार? तेव्हा लिहायची परवानगी उद्याच काढा, आणि कॉपी तयार झाली की प्रत्येकाला स्वतःच्या विंडोज नावाने लॉगिन द्या, फक्त वाचण्यापुरतं. त्यातही मूळ टेबलं नका देऊ, त्यांच्यावर व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी, दिसायला टेबलासारखी) बनवून द्या, कॉलमची नावं माणसाला कळतील अशी. व्हेंडरने उद्या अपग्रेडमध्ये टेबल बदललं तर तुम्ही व्ह्यू दुरुस्त कराल, ४० एक्सेल फाइल्स नाही.

राहिलं स्टॉक स्टेटमेंट. अकाउंट्सवाल्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तुम्ही तो उडवून लावू नका. रिपोर्ट कसे बनवायचे याचा 'स्टँडर्ड' म्हणून एक कागद तुम्हाला लिहावाच लागेल (एकच पान लिहा, त्याहून जास्त कोणी वाचत नाही) त्यात मी एकच रेघ मारीन, कंपनीच्या बाहेर जाणारा रिपोर्ट आणि आत राहणारा रिपोर्ट. आतला कोणी कसाही बनवू दे, पिव्होट करा, रंग लावा, कॉपीवर आहे ना, मग खुशाल. बाहेर जाणारा, म्हणजे बँकेला, जीएसटीला, कस्टमरला, ऑडिटरला, त्याची क्वेरी तुमच्याकडे जमा पाहिजे, बदल करायचा तर दुसऱ्या माणसाने बघायचा, आणि महिनाअखेरच्या ज्या आकड्यांवर तो काढला ते जपून ठेवायचे. बँकेचं तर विशेषच. खेळतं भांडवल ५ कोटींच्या वर मंजूर असेल तर कॅरो २०२० (ऑडिट रिपोर्टबद्दलचा सरकारी आदेश) प्रमाणे, आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून, ऑडिटरला लिहावं लागतं की बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटं वहीखात्याशी जुळतात की नाही. आणि ते स्टेटमेंट बहुतेक ठिकाणी एका माणसाच्या लॅपटॉपवरच्या 'स्टॉक_फायनल_नवीन२' नावाच्या फाइलीतून निघतं! तेव्हा तुमची दोघांची ताकद त्या चार-पाच रिपोर्टांवर लावा, बाकीच्या शंभरांवर नको.

एमडींना सांगा की येत्या मार्च एंडपर्यंत लाइव्हवर कोणी राहणार नाही. तारीख त्यांच्याच तोंडून जाहीर करून घ्या, तुमच्या ईमेलला कोण विचारतंय.

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कॉस्टिंग बघते. कॉम्प्युटर शिकलेली नाही, बीकॉम आहे, पण एसक्यूएल स्वतः शिकले आणि हीटवाइज (भट्टीच्या एकेका वितळीप्रमाणे), पॅटर्नवाइज (साच्याप्रमाणे) कॉस्टचे सगळे रिपोर्ट मीच बनवलेत, मालक रोज सकाळी तेच बघतात. नवीन आयटी मॅनेजर आलेत, ते म्हणतात युजरने क्वेरी लिहायची नसते, फॉर्म भरा, तीन आठवड्यांत रिपोर्ट मिळेल. तीन आठवड्यांत स्क्रॅपचा रेट तीनदा बदलतो. मी चुकतेय का?

उत्तर: क्वेरी लिहिण्यात अजिबात चुकत नाही आहात. त्यांना एक गोष्ट सांगा, जमलं तर हसत. एसक्यूएल ही भाषा आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी केली, तेव्हा तिचं नाव सीक्वेल होतं, आणि १९७४ च्या त्यांच्या पेपरमध्ये ही कोणासाठी तर कॉम्प्युटरमधले तज्ज्ञ नसलेल्यांसाठी म्हणून जी उदाहरणं दिलीत त्यात अकाउंटंट आहेत. म्हणजे तुम्हीच! पुढे ती प्रोग्रामरांनी बळकावली ती गोष्ट वेगळी.

पण त्या मॅनेजरच्या पोटात जी भीती आहे ती खोटी नाही, आणि तुमच्या पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की टेम्प्लेट अजून एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये आहे कारण मॅक्रो (आपोआप काम करणारा कोड) त्यात आहे, ते वाचून मीही जरा दचकले. जुन्या एक्सएलएसच्या शीटमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, नव्या फॉरमॅटमध्ये १०,४८,५७६. जास्तीच्या ओळी कुठे जातात? काही वेळा नुसत्या गळतात, गाजावाजा न करता. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर अखेरीस कोविडच्या १५,८४१ केसेस सरकारी आकड्यातून गळल्या त्या याच कारणाने, लॅबकडून आलेला डेटा एक्सएलएसमध्ये भरत होते आणि शीट भरली, आणि त्या लोकांच्या संपर्कातल्यांना शोधायचं काम तेवढे दिवस मागे पडलं. तुमच्या हीटच्या ओळी वर्षाला किती होतात ते आजच मोजा.

दुसरं, पासवर्ड. एक्सेलच्या कनेक्शनमध्ये 'सेव्ह पासवर्ड'ला टिक केलं की तो फाइलीत साधा वाचता येईल असा बसतो, आणि ती फाइल तुम्ही मालकांना ईमेल करता, मालक सीएंना, सीए अजून कोणाला. विंडोज लॉगिनवर जा, म्हणजे पासवर्ड ठेवायचाच नाही. तिसरं, हीटवाइज लेबर कॉस्ट काढताना पगाराचं टेबल जोडलंय का? मग नावासकट पगार तुमच्या लॅपटॉपवर पडलेत. डिजिटल पर्सनल डेटा कायदा २०२३ मध्ये डेटा नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, फौंड्रीला कोणी २५० कोटी लावणार नाही हे मलाही कळतं, पण तुम्हाला डिपार्टमेंटचा बेरजेचा आकडा पुरतो ना, मग नावं घेताच कशाला.

आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या क्वेरीत कुठेतरी एखादी अट असेल की अमुक कोडने सुरू होणारे आयटम सोडून द्या. का सोडायचे हे फक्त तुम्हाला माहीत. उद्या तुम्ही महिनाभर रजेवर गेलात तर? प्रत्येक क्वेरीच्या डोक्यावर चार ओळी मराठीत लिहून ठेवा, कशासाठी आहे, काय वगळलंय, का वगळलंय, शेवटचा बदल कधी. मग एखाद्या सहकाऱ्याला तुमच्याशिवाय एकदा चालवून बघायला सांगा.

एवढं करून मॅनेजरकडे जा आणि स्वतःहून सांगा की मालक रोज बघतात ते रिपोर्ट मी तुमच्या नजरेखाली आणते, मला वाचण्यापुरतं वेगळ्या कॉपीवर मोकळं सोडा. वरचं चाकणचं उत्तर त्यांना वाचायला द्या वाटल्यास. तीन आठवड्यांचा फॉर्म नवीन स्क्रीनसाठी ठीक आहे, रोजच्या प्रश्नाला नाही, आणि शहाणा आयटीवाला असेल तर त्याला आनंदच होईल की एक माणूस फुकट मिळाला.

प्रश्न: नाशिकहून. आमचे सगळे पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्टचं सॉफ्टवेअर) डॅशबोर्ड एका मुलाने बनवले होते, तो नोकरी सोडून गेला. एचआरने त्याचं अकाउंट बंद केलं आणि लॅपटॉप फॉरमॅट करून दुसऱ्याला दिला. आता डॅशबोर्ड उघडतात पण आकडे जुनेच, आणि सेल्सवाले आठवडाभर जुने आकडे बघून मीटिंगा घेत होते.

उत्तर: आठवडाभर कोणाला कळलं नाही म्हणजे ते डॅशबोर्ड खरंच कोणाला लागतात का हाही एक प्रश्न आहे म्हणा, असो.

गेटवे, म्हणजे ऑफिसातला डेटा पॉवर बीआयपर्यंत नेणारा प्रोग्राम, पर्सनल मोडमध्ये त्याच्या लॅपटॉपवर होता असं दिसतंय. तो फॉरमॅट झाला, विषय संपला, सर्व्हरवर स्टँडर्ड गेटवे नव्याने टाका आणि सर्व्हिस अकाउंटने चालवा, माणसाच्या नव्हे. वर्कस्पेसमध्ये ज्याला एडिटचा हक्क आहे त्याने सेटिंगमध्ये जाऊन डेटासेट (आता त्याला सिमँटिक मॉडेल म्हणतात) 'टेक ओव्हर' करायचा, म्हणजे स्वतःच्या नावावर घ्यायचा, आणि क्रेडेन्शियल नव्याने भरायची. तो मुलाच्या 'माय वर्कस्पेस'मध्ये असेल तर पॉवर बीआय अ‍ॅडमिनकडे जावं लागेल. लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फेल झाला की शेड्यूल आपोआप बंद पडतं, तेव्हा सगळं दुरुस्त केल्यावर ते हाताने परत चालू करा, हे विसरतात आणि मग म्हणतात दुरुस्त करूनही चालत नाही. फेल झाल्याचा ईमेल त्या मुलाच्याच पत्त्यावर जात असणार, तिथे आता दोघांचे पत्ते टाका. प्रत्येक डॅशबोर्डच्या कोपऱ्यात 'डेटा कधीपर्यंतचा' ही तारीख मोठ्या अक्षरात लावा. आणि एचआरच्या एक्झिट फॉर्ममध्ये आयडी कार्ड, लॅपटॉप, सिमकार्डच्या खाली एक ओळ वाढवा, 'याच्या नावावर चालणारे रिपोर्ट'.

प्रश्न: आमची पुण्यात फूड प्रॉडक्टची कंपनी, डेपो मडगाव आणि हुबळीला. दर महिन्याच्या रिव्ह्यूत सेल्स हेड एक आकडा सांगतात, अकाउंट्स दुसरा, आणि फॅक्टरी तिसरा. तिघंही म्हणतात डायरेक्ट सिस्टिममधून काढलाय. सिस्टिम एकच आहे! आयटीचा दोष म्हणायचा का हा?

उत्तर: तिघंही खरं बोलत असतील. सेल्स ऑर्डरच्या तारखेने मोजत असणार, अकाउंट्स इनव्हॉइसच्या तारखेने, फॅक्टरी गेट पासने. त्यात एकाचा आकडा जीएसटी धरून, एकाचा वगळून, क्रेडिट नोट कोणी वजा केली कोणी नाही. आणि तुमच्या केसमध्ये मला दाट संशय डेपोचा आहे. पुण्याहून मडगावला माल पाठवला की राज्य बदलतं, जीएसटी नंबर बदलतो, म्हणून कंपनीने स्वतःलाच टॅक्स इनव्हॉइस करावं लागतं, पण ती विक्री नाही, स्टॉक ट्रान्सफर आहे. इनव्हॉइसचं टेबल सरळ बेरीज करणाऱ्याला हे माहीत नसेल तर तोच माल एकदा मडगावला पाठवताना आणि परत मडगावच्या दुकानदाराला विकताना, असा दोनदा विक्रीत येतो. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा आहे त्याची क्वेरी आधी उघडा.

आयटीचा दोष नाही, पण निवाडा आयटीने करायचाही नाही. तिघांना एका खोलीत बसवा, मालक किंवा सीएफओ समोर पाहिजेत, आणि 'नेट सेल्स' म्हणजे काय ते एका परिच्छेदात लिहून सही घ्या. आयटीने त्याचा एक व्ह्यू बनवायचा आणि रिव्ह्यूच्या पीपीटीत फक्त त्याच व्ह्यूचा आकडा येईल. सेल्सला ऑर्डर बुकिंगचा आकडा हवाच असेल, तर तो दाखवू दे, फक्त त्याला ऑर्डर बुकिंग म्हणू दे. पहिल्या मीटिंगला भांडण होईल, होऊ द्या, कारण इन्सेन्टिव्ह कोणत्या आकड्यावर ठरतो हा खरा मुद्दा तिथे बाहेर येईल आणि तो क्वेरीने सुटणार नाही.

प्रश्न: जळगावला माझं होलसेल किराणा दुकान, टॅली आहे, मुलगा एक्सेलमध्ये ओडीबीसीने (टॅलीचा डेटा एक्सेलला देणारी जोडणी) बाकी-उधारीचा रिपोर्ट ओढतो. हे सगळं स्टँडर्ड वगैरे मला लागू का?

उत्तर: नाही हो काका. वरचा एडिट लॉगचा नियम कंपन्यांना आहे, प्रोप्रायटरशिप दुकानाला नाही. टॅली चालू आणि कंपनी उघडलेली असली की ओडीबीसी चालतं, तुमच्या कामाला पुरेसं आहे. फक्त टॅलीचा बॅकअप त्याच कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर एक पेनड्राइव्ह घरी न्या, आणि उधारीच्या यादीतला एखादा खातेदार महिन्यातून एकदा टॅलीच्या लेजरशी ताडून बघायला मुलाला सांगा.